तोंडावरचा हात

व्होडका गाळण्याचा बंद पडलेला कारखाना. क्रेटांच्या चळती, जुनी कपाटं, जिकडेतिकडे रिकाम्या बाटल्या आणि भिंतीभर पसरलेली परग्रहावरची ओलसर बुरशी. तिच्या गाठींजवळून गेलं की बीजाणूंचा धुरळा उडतो आणि तो नाकातोंडात गेला की खोकल्याची उबळ येते. याच कारखान्यात जेफ फिरतो. त्याला डोळे नाहीत. कान मात्र इतके तिखट की हातातून बाटली निसटायचा अवकाश, तो तिथे हजर.

‘हाफ-लाइफ: ॲलिक्स’ या व्हीआर गेममधलं हे सातवं प्रकरण. त्याचं नाव एवढंच: ‘जेफ’. व्हॉल्व्ह कंपनीने हा गेम २३ मार्च २०२० रोजी बाजारात आणला. मूळ ‘हाफ-लाइफ’ १९९८चा, दुसरा भाग २००४चा आणि ॲलिक्सची गोष्ट या दोहोंच्या मधल्या काळातली. सिटी १७ हे शहर कंबाइन नावाच्या परग्रही सत्तेच्या टाचेखाली आहे. ॲलिक्स व्हान्स ही तरुण मुलगी आधी आपल्या वडिलांना सोडवायला आणि पुढे कंबाइनच्या एका गुप्त कोठडीपर्यंत पोचायला निघाली आहे. सबंध गेम काही भयाचा नाही. त्यात गोळीबार आहे, कोडी आहेत, थट्टामस्करीही आहे. पण व्हीआरमधलं भय माणसाला का हवंहवंसं वाटतं, हे समजून घ्यायचं तर मी आधी या एका प्रकरणाकडे बोट दाखवीन.

भीतीची गोडी का लागते याची तयार उत्तरं पुष्कळ आहेत. थरार हवा असतो, मित्रांत फुशारकी मारायची असते, रोजच्या कंटाळ्यातून सुटायचं असतं. ही उत्तरं खोटी नाहीत, पण ती जत्रेतल्या आकाशपाळण्यालाही तितकीच लागू पडतात. व्हीआरच्या भयात आणखी काही आहे, आणि ते मला ‘जेफ’मधल्या एका साध्या हालचालीत दिसतं: आपला हात आपल्याच तोंडावर ठेवणं.

जेफ आधी गोष्टीत येतो, मग समोर. कारखान्यात लॅरी नावाचा एक भेदरलेला माणूस लपून राहिला आहे. त्याच्या तोंडून आपल्याला कळतं की हा प्राणी आंधळा आहे, आवाजावर येतो आणि म्हणून इथे खोकायचं नाही, तोंड झाकून ठेवायचं. खेळाचे नियम सांगण्याची ही तऱ्हा मला फार आवडते. एरवी नियम पडद्यावर अक्षरांत उमटतात, आपण ते वाचतो आणि विसरतो. इथे ते जीव मुठीत धरून बसलेल्या माणसाकडून येतात, म्हणून ते नियमांसारखे वाटतच नाहीत, अनुभवाचे बोल वाटतात. शिवाय लॅरीचं बोलणं संपतं तेव्हा जेफ अजून दिसलेला नसतो, पण खोलीतली प्रत्येक बाटली बदललेली असते. मघापर्यंत जी अडगळ होती तिच्यात आता आवाज दडलेला आहे. आणि नाव पाहा. राक्षसाला शोभेल असं काही नाही, शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाचं असावं तसं. हा कधीतरी माणूस होता, हे त्या दोन अक्षरांतच सांगून ठेवलेलं आहे. पुढे त्याचा हिशेब द्यावा लागतो.

व्हीआरमध्ये हेडसेट आपल्या डोक्याची जागा ओळखतो आणि दोन कंट्रोलर आपल्या दोन हातांची. आपण मान वळवली की ॲलिक्स मान वळवते. टेबलाखाली लपायचं तर बटण दाबून भागत नाही, गुडघे वाकवावे लागतात. खोकला दाबायलाही बटण नाही. खरा हात उचलून खऱ्या तोंडापाशी न्यायचा आणि धुरळा खाली बसेपर्यंत तिथेच धरून ठेवायचा. एरवी या गेममध्ये एक हात पिस्तुलाला वाहिलेला असतो, पण जेफला गोळ्या मारून तो मरत नाही, तेव्हा पिस्तूल नुसतंच धीर देण्यापुरतं. उरला एक हात. दार ढकलायला तोच, कपाट उघडायला तोच आणि तोंड झाकायलाही तोच. म्हणजे दर चार पावलांवर एक प्रश्न उभा: आत्ता काय सोडू? मोठ्या संगीताविना, अंधाराच्या फार मदतीविना, निव्वळ हातांच्या या टंचाईतून सबंध प्रकरणाचा ताण विणलेला आहे.

त्यातला कळस म्हणजे कपाट. जेफ पलीकडच्या बाजूला घशातून गुरगुरत फेऱ्या मारतो आहे. आपण कपाटाची मूठ धरून दार हळूच ओढतो. दाराला आतून टेकलेली बाटली कलते. ती पडताना दिसते, हे महत्त्वाचं. पडण्याआधीचा तो अर्धा क्षण आपल्याला दिलेला असतो आणि त्यात हात पुढे करून ती हवेत झेलता येते, पण हात मोकळा असेल तर. झेलली, तर बोटांत एक बाटली आणि छातीत धडधड. आता हिचं काय करायचं? अलगद खाली ठेवायची? की लांब भिरकवायची, म्हणजे ती तिकडे फुटेल, जेफ आवाजाच्या दिशेने जाईल आणि आपल्याला वाट मिळेल? जी वस्तू घात करणार होती तीच हत्यार ठरते. कथालेखनात एका वस्तूकडून इतकं काम करून घेणारे लेखक थोडे असतात, हे मी पूर्ण विचारांती म्हणते.

गेमच्या तारखेकडेही एकदा पाहायला हवं. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने करोनाची महासाथ जाहीर केली, २३ मार्चला हा गेम आला आणि २५ मार्चपासून भारत टाळेबंदीत गेला. डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांनी खोकला येईल म्हणून तोंड झाका, असं हे प्रकरण सांगतं. त्यात रेस्पिरेटर मास्कही आहे: तो उचलून चेहऱ्यावर चढवला की खोकला येत नाही आणि हात मोकळा होतो. गेम बनवणाऱ्यांच्या मनात यातलं काही असणं शक्य नव्हतं. पण त्या उन्हाळ्यात घरात कोंडून हे खेळणाऱ्यांच्या तळहाताखाली जे ओठ होते ते खरोखरच धास्तावलेले होते. कलाकृतीला तिचा काळ असा अवचित भेटतो, आणि भेटला की तिच्या साध्या खुणेलाही वजन येतं.

माझ्या भाच्याला हे प्रकरण खेळताना मी बाहेरून पाहिलं आहे. सोफा भिंतीला सरकवलेला, दिवाणखान्याच्या मधोमध तो गुडघे वाकवून उभा, डावा तळवा ओठांवर घट्ट दाबलेला. मी स्वयंपाकघरातून विचारलं, “चहा टाकू का रे?” त्याने उत्तर दिलं नाही. उजव्या हाताने मला गप्प राहण्याची खूण केली. बऱ्याच वेळाने हेडसेट वर सरकवून म्हणाला, “मावशी, अगं तो इथे होता.” गंमत अशी की या गेमला आपला आवाज ऐकू येत नाही. जेफ ऐकतो तो फुटलेल्या बाटलीचा आणि ॲलिक्सच्या खोकल्याचा आवाज, आमच्या स्वयंपाकघरातला नव्हे. भाच्याला हे ठाऊक होतं. या गेमच्याच वर्षी आलेल्या ‘फास्मोफोबिया’त मायक्रोफोन चालू असतो, भूत खेळणाऱ्याचं बोलणं खरोखर ऐकतं, तिथे गप्प बसणं हा शहाणपणा. ‘जेफ’मध्ये गप्प बसण्याने काहीच साधत नाही, आणि तरी माणसं गप्प बसतात, श्वास रोखतात, शेजारच्याला दटावतात. गेमने हात तोंडावर ठेवायला सांगितलं. श्वास रोखणं शरीराने आपल्या पदरचं घातलं.

इथे मला भरताची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. नाट्यशास्त्रात भयानक रसाचा स्थायीभाव भय, रंग काळा, देवता काल. भीती वाटल्यावर शरीरात जे दिसतं ते अनुभाव: कापणारे हातपाय, कोरडं पडलेलं तोंड, बसलेला आवाज. आठ सात्त्विक भावांत पहिला स्तंभ, म्हणजे जागच्या जागी थिजणं. रंगभूमीवर ही सारी कामं नटाची. प्रेक्षकाने ती पाहायची, आणि पाहताना त्याच्या मनातलं भय रसरूपाला येतं. अभिनवगुप्ताने भयानकासाठी शाकुंतलाच्या आरंभीचं हरीण घेतलं आहे: दुष्यंताच्या रथापुढे धावणारं, मान वळवून पुन्हा पुन्हा मागे पाहणारं. त्याचं म्हणणं असं की तिथली भीती कुणा एकाची उरत नाही. ‘मी भ्यालो’ असंही नाही, ‘तो भ्याला’ असंही नाही. स्थळकाळाच्या गाठी सुटलेली अशी ती नुसती भीती असते, म्हणून तिचा आस्वाद घेता येतो. प्रेक्षक स्वतःच्या सुखदुःखात अडकला की रसात विघ्न आलं.

या हिशेबाने व्हीआरमध्ये रस निर्माणच होऊ नये. इथे हरीण आपणच आहोत. नारायण धारपांची कथा वाचताना पुस्तक हाताच्या अंतरावर असतं, चित्रपटगृहात पुढे खुर्च्यांच्या रांगा असतात. हेडसेटने ते अंतर संपवलं. मग उरते ती लौकिक भीती, आणि लौकिक भीतीत कसली आली गोडी? अंगावर कुत्रा धावून आला तर कुणी त्याचा आस्वाद घेत नाही.

माझं उत्तर असं की अंतर संपलेलं नाही, ते बाहेरून आत आलं आहे. पहिली खूण ॲलिक्सचा आवाज. मूळ ‘हाफ-लाइफ’चा नायक गॉर्डन फ्रीमन मुका आहे, कारण खेळणाऱ्याने त्याच्या जागी शिरावं. ॲलिक्स बोलते. ती पुटपुटते, कानातल्या यंत्रावरून रसेल या सोबत्याशी वाद घालते, घाबरते आणि घाबरल्याचं कबूल करते. हात आपले, आवाज तिचा. खोकला तिला येतो, तोंड आपण झाकतो. ‘मी’ आणि ‘ती’ यांच्यामध्ये एक बारीक फट उघडी ठेवलेली आहे आणि रसाला शिरायला तेवढी पुरते. (जुन्या शास्त्रकारांनी भयानक रस स्त्रिया आणि हलक्या प्रकृतीची पात्रं यांच्याकडे सोपवला होता, वीराने भिणं त्यांना मान्य नव्हतं. ॲलिक्स शूर आहे आणि तिला भीती वाटते. या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात हे त्यांना दाखवायला हवं होतं.)

दुसरी खूण तो हात. भीती वाटली की तोंडावर हात जातो तो आपोआप, तो भयाचा अस्सल अनुभाव. गेम बनवणाऱ्यांनी नेमका हाच अनुभाव उचलला आणि त्याला कामाला लावलं. खऱ्या आयुष्यात भीतीने हात कापतो, पाय उचलत नाही, शरीर ऐन वेळी दगा देतं. इथे भीतीचीच खूण आपल्याला वाचवते. थिजून उभं राहणं ही चाल ठरते, श्वास धरणं ही चतुराई ठरते. खेळणारा एकाच वेळी भ्यालेला असतो, भीतीचा अभिनय करणारा नट असतो आणि तो अभिनय बरोबर वठतो आहे की नाही हे पाहणारा प्रेक्षकही असतो. भ्यालेलं शरीर हुशारीने वागतं आहे, हे आपण आतून पाहतो. ती पाहण्याची संधी दुसरीकडे कुठेच मिळत नाही, आणि लोक पुन्हा हेडसेट चढवतात ते माझ्या मते त्यासाठी.

हे पटत नसेल तर शेजारी ‘किचन’ ठेवून पाहावं. कॅपकॉमचा हा काही मिनिटांचा नमुना २०१५ साली लॉस एंजेलिसच्या ई-थ्री प्रदर्शनात दाखवला गेला, सोनीचा हेडसेट अजून प्रोजेक्ट मॉर्फियस या नावाने ओळखला जात होता तेव्हा. एका घाणेरड्या स्वयंपाकघरात आपण खुर्चीला बांधलेले असतो. खेळणारा खरोखरच खुर्चीत बसलेला, दोन्ही हातांत मिळून एकच कंट्रोलर, आणि दृश्यात मनगटं एकत्र जखडलेली. शरीराची स्थिती आणि दृश्यातली स्थिती यांचा इतका चोख मेळ मी दुसरीकडे क्वचित पाहिला. पण तिथे करायचं काहीच नाही. सुरी येते, मांडीत घुसते, आपण पाहत राहतो. याच बीजातून पुढे २४ जानेवारी २०१७ रोजी ‘रेझिडंट ईव्हिल ७’ आला, प्लेस्टेशनच्या हेडसेटवर अथपासून इतिपर्यंत खेळता येणारा, आणि लुइझियानातल्या बेकर कुटुंबाच्या घराने पुष्कळांची झोप उडवली. ‘किचन’चं कसब मला मान्य आहे. तरी त्यातली भीती रिकामी बसलेली आहे. तिला काही काम नाही, म्हणून ती पहिल्यांदा जबरदस्त लागते आणि दुसऱ्यांदा पुष्कळशी ओसरते.

आभासी वास्तवावर दीर्घकाळ काम केलेल्या मेल स्लेटर यांनी दोन भास वेगळे केले आहेत: आपण त्या ठिकाणी आहोत हा एक, आणि समोर घडतंय ते खरंच घडतंय हा दुसरा. दुसरा अधिक नाजूक, कारण त्यासाठी जगाला आपल्या कृतीला जाब द्यावा लागतो. बुरशीचा ओलेपणा कितीही हुबेहूब रंगवला तरी त्याने पहिलाच भास पक्का होतो. दुसरा पक्का होतो तो बाटली फुटते, पलीकडचं गुरगुरणं थांबतं आणि पावलं आपल्या दिशेने वळतात तेव्हा.

भीती जितकी जास्त तितकी मजा जास्त, असं मात्र कुणी समजू नये. डेन्मार्कमध्ये व्हायले गावाजवळ ‘डिस्टोपिया’ नावाचं भयघर आहे. आरहूस विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथे ११० जणांना हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं लावून आत सोडलं, आणि २०२०मध्ये निष्कर्ष मांडला की आनंद सर्वांत जास्त मिळतो तो भीतीच्या मधल्या पट्ट्यात. फार कमी भीती नीरस, फार जास्त भीती नकोशी. त्याच गटाच्या आधीच्या एका अभ्यासात असंही दिसलं होतं की काही जण भीती मुद्दाम वाढवत नेतात, काही जण ती आटोक्यात ठेवायला धडपडतात, आणि दोघेही समाधानाने बाहेर येतात. ‘जेफ’मध्ये या दोन्ही स्वभावांना जागा आहे. माझा भाचा कोपऱ्याकोपऱ्याने, नजर जमिनीवर ठेवून गेला. माझी एक मैत्रीण तोंडावर हात धरून मुद्दाम जेफच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली, त्याचा चेहरा कुठे सुरू होतो ते पाहायला. दोघांनाही प्रकरण आवडलं, आणि दोघांची भीती एकमेकांच्या भीतीपेक्षा निराळी होती.

उणिवा आहेत. जेफने पकडलं की खेळ मागच्या टप्प्यावरून पुन्हा सुरू होतो, आणि तीच खोली दुसऱ्यांदा ओलांडताना भयाचं गणित होतं: तो इथून तिथे जातो, इतका वेळ लागतो, तेवढ्यात मी निसटते. ज्याला एका दमात जमलं त्यालाच पुरा रस मिळाला. अडखळणाऱ्याला कोडं मिळालं. अचानक अंगावर उडी मारणारे गेम या बाबतीत आणखी दुबळे, त्यांचा तर दुसऱ्या खेपेलाच जीव जातो. रसेलच्या विनोदांवरही काहींचा आक्षेप असतो की त्याने भयाचा भंग होतो. मला तो पटत नाही. त्या कारखान्यात कानाशी एक ओळखीचा, बोलका आवाज नसता तर त्याच्या गप्प होण्याला काही किंमतच उरली नसती.

प्रकरणातला सर्वांत धारदार क्षण मात्र वेगळाच आहे. एका टप्प्यावर जेफला आवाजाने भुलवून शीतकोठीत कोंडता येतं. दार बंद होतं, हात तोंडावरून खाली येतो, खांदे सैल होतात. मग भिंतीतल्या विजेच्या तारांचा माग काढता काढता कळतं की पुढे जायचं तर तेच दार उघडावं लागणार, आणि उघडणार आपणच. पाठलाग, गुरगुर, फुटणाऱ्या बाटल्या यांत भीती बाहेरून आपल्यावर येत होती. इथे आपण तिच्याकडे चालत जातो, मुठीवर हात ठेवतो आणि ओढतो. घरात बसलेला माणूस आपल्या हातांनी हेडसेट डोळ्यांवर चढवतो तेव्हाही तो हेच करत असतो. गेमने ती कृती खेळणाऱ्यापुढे उघडी मांडली आहे आणि तिला टाळायला दुसरी वाट ठेवलेली नाही. मला हे प्रकरण पहिल्या दर्जाचं वाटतं ते मुख्यतः या दारामुळे.

शेवटी जेफ कचरा दाबायच्या यंत्रात अडकतो. बाजूला बटण आहे. ते दाबलं तर तो चिरडला जातो. पुढची वाट त्यावर अवलंबून नाही, न दाबताही जाता येतं. आता तो आपलं काही वाकडं करू शकत नाही, आणि इतका वेळ जो आवाज गुरगुरण्याचा वाटला त्यात कण्हणं ऐकू येऊ लागतं. लॅरीने सांगितलेल्या त्या साध्या नावाचा हिशेब इथे पुढ्यात येतो. भयानक रस पाहता पाहता करुणाकडे वळतो, कुणी काही न बोलता. मी बटण दाबलं नाही. तो आंधळा आहे, आजारी आहे, आवाजावर धावणं यापलीकडे त्याने काही केलेलं नाही, त्याला मारायचा मला काय अधिकार? भाच्याने दाबलं. त्याचं म्हणणं, “मावशी, तू त्याला त्या अवस्थेत सोडून आलीस, मी त्याला सोडवलं.” आमचा हा वाद अजून मिटलेला नाही, आणि त्याने काढलेला मुद्दा मला खोडता आलेला नाही.